गुराब आणि राजधानी

मागील उन्हाळ्याच्या सुट्टींत सांगलीस आमच्या घरीं आलेल्या एका मुलानें आम्हांस आपली वही मोठ्या अभिमानानें दाखविली. तींत त्यानें आकाशांतील युद्धाची एक लांबलचक कथा रचिली होती. ताऱ्यांमधून फिरणाऱ्या आरमाराचीं लढाऊ जहाजें, त्यांचे वर्ग, प्रत्येक वर्गाचें नांव, लांबी, वेग व तोफांची संख्या ही सर्व माहिती कोष्टकें आंखून भरलेली होती. आम्हीं ती वही कौतुकानें चाळली आणि सहज विचारलें, “तुझ्या या सर्वांत मोठ्या जहाजाची दुरुस्ती कोठें होते? त्याला लागणारें सामान कोण पुरवितें? आणि त्यावरील लोकांचा पगार कोणत्या खजिन्यांतून निघतो?” मुलगा क्षणभर थबकला आणि म्हणाला, “तें अजून ठरवलेलें नाहीं, आजोबा.”

उत्तर प्रामाणिक होतें, आणि तें आम्हांस पुष्कळ दिवस आठवत राहिलें. कल्पनेंतील आरमारास भरती-ओहोटी नसते, पावसाळा नसतो आणि पगाराचा दिवसही नसतो. त्यामुळें त्याचा जहाजवर्ग कागदावर जितका भव्य काढावा तितका निघतो. खरें लढाऊ जहाज असें निपजत नाहीं. समुद्र, वारा, लांकूड, शत्रु आणि खजिना या पांचांनीं मिळून घातलेल्या कोड्याचें तें उत्तर असतें. आमच्या मराठी राज्यांत असें एक उत्तर निघालें होतें. त्याचें नांव गुराब. पहिल्या चार गोष्टींच्या बाबतींत तें उत्तर इतकें चोख होतें कीं युरोपांतील तीन दर्यावर्दी राष्ट्रांस त्यानें जवळजवळ अर्धशतक बेजार केलें. पांचव्या गोष्टीच्या बाबतींत मात्र आमच्या राजधानीचें उत्तर त्या मुलासारखेंच राहिलें, आणि त्याचें काय मोल द्यावें लागलें, हें वाचकांपुढें मांडण्याचा आमचा हेतु आहे.

सातारा व सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी १९४९ पासून १९६० पर्यंत सांगलीच्या जिल्ह्याचें नांवच दक्षिण सातारा असें होतें. दोन्ही गांवें सह्याद्रीच्या पूर्वेकडलीं, कृष्णेच्या खोऱ्यांतलीं. अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावरून पश्चिमेकडे पाहिलें तर डोंगरामागें डोंगर दिसतो. समुद्र दिसत नाहीं. सांगलीच्या घाटावर बसलें तर कृष्णेचें पाणी कोकणाकडे पाठ करून पूर्वेस वाहत जातांना दिसतें. अशा मुलखांत वाढलेल्या माणसापुढें इतिहास म्हटला कीं घोडा, भाला, गड आणि छावणी हींच उभीं राहतात. परंतु १७०८ सालीं शाहूमहाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला, आणि पुढें कांहीं वर्षांतच कोकण किनाऱ्यावरील आरमाराचा धनी याच डोंगरांच्या आड राहूं लागला. म्हणून गुराबेची कथा ही जितकी विजयदुर्गाची आहे तितकीच साताऱ्याचीही आहे.

या कथेचा आरंभ अर्थात् साताऱ्याच्या पुष्कळ आधींचा. शिवाजीमहाराजांनीं १६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी घेतली आणि थोड्याच काळांत तेथील खाडींत जहाजें बांधावयास प्रारंभ केला. त्या वेळीं हा समुद्र रिकामा नव्हता. जंजिऱ्याचा सिद्दी दाराशींच बसला होता. आपल्या परवान्याशिवाय कोणाचें व्यापारी जहाज फिरूं द्यावयाचें नाहीं, हा दंडक पोर्तुगीजांनीं शंभर वर्षांहून अधिक काळ चालविला होता. इंग्रजांचें बस्तान अगोदर सुरतेस व १६६८ नंतर कंपनीच्या हातीं आलेल्या मुंबईस बसत चाललें होतें. या परकीयांचीं मोठीं जहाजें आफ्रिकेस वळसा घालून येत. महासागराच्या लाटा सोसाव्या म्हणून तीं खोल तळाचीं व उंच बाजूंचीं असत, आणि त्यांची सारी गति वाऱ्याच्या स्वाधीन असे. तशींच जहाजें आपणही बांधावीं, असा मोह नव्या राज्यास पडला असता तर नवल नव्हतें. मराठ्यांनीं तो मोह टाळला.

तो कां टाळला, याचें स्पष्टीकरण रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या आणि १७१५ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ‘आज्ञापत्रां’त सांपडतें. या लहानशा ग्रंथांत आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि राजनीतीवरील आमच्या जुन्या वाङ्मयांत तें अगदीं वेगळें उठून दिसतें. आरमार हें राज्याचें एक स्वतंत्र अंग आहे, येथून अमात्य सुरुवात करतात. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत. मध्यम प्रतीच्या असाव्या. वाऱ्यावांचून जें हलत नाहीं असें जहाज बांधूंच नये. पांच गुराबा व पंधरा गलबतें मिळून एक सुभा करावा आणि सर्व सुभ्यांवर एक सरसुभा नेमावा. पावसाळा तोंडावर येण्यापूर्वी आरमार एखाद्या जंजिऱ्याच्या आश्रयास, चांगल्या बंदरांत आणून ठेवावें. परंतु दर वर्षीं एकाच बंदरांत नेऊं नये, नाहींतर तेथील रयतेस उपद्रव होतो. जहाजांसाठीं सागवान लागलें तर तें परवानगीनें अरण्यांतून तोडावें. आंबा-फणसासारखीं फळझाडें मात्र तोडूं नयेत, कारण रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें झाड फारच जीर्ण असेल तर मालकास राजी करून, मोल देऊन घ्यावें. शत्रूनें शरण आल्याची खूण केली तरी आपलें जहाज एकाएकी त्याच्या जवळ नेऊं नये, हाही इशारा त्यांत आहे.

याच प्रकरणांत आणखी एक सूचना आहे. आरमाराच्या खर्चाची नेमणूक मुलखाच्या वसुलावर करून द्यावी. बंदरांतील जकातीच्या व प्राप्तीच्या उत्पन्नावर ती सहसा करूं नये. कारण तशी केल्यास आरमारवाले व्यापाऱ्यांस नाडूं लागतील आणि बंदरें ओस पडतील. वाचकांनीं ही सूचना लक्षांत ठेवावी. आमच्या घरच्या मुलास जें सुचलें नव्हतें तें अमात्यांस सुचलें होतें. लढाऊ जहाजाचा पगार कोठून द्यावयाचा, यावर त्या जहाजाचा स्वभाव ठरतो.

आतां प्रत्यक्ष गुराब कशी असे तें पाहूं. अरबी भाषेंत ‘गुराब’ म्हणजे कावळा. अरबी समुद्रावर हें नांव एका प्रकारच्या जहाजास फार पूर्वींपासून होतें. आंग्र्यांच्या काळच्या गुराबेचें तपशीलवार वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें केलें आहे, आणि तें शत्रुपक्षाकडील असल्यामुळें अधिकच विश्वसनीय वाटतें. बहुतेक गुराबांस दोन डोलकाठ्या असत, कांहींस तीन. तीन काठ्यांची गुराब सुमारें ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांच्या आंतली. लांबीच्या मानानें ती चांगलीच रुंद असे आणि तिचा तळ इतका उथळ कीं तिला फारच थोडें पाणी लागे. मध्यापासून पुढें ती निमुळती होत जाई आणि तिची नाळ चोंचीसारखी पुढें आलेली असे. या नाळेवर मजबूत तक्तपोशी असली तरी बाजूंस कठडा नसे. समोरची लाट वर चढली तर ती अडून न राहतां दोहों बाजूंनीं निघून जावी, हा त्यांतील हेतु. नाळेच्या मागें एक आडवी भिंत, भिंतींत झरोके, आणि त्या झरोक्यांतून समोर रोखलेल्या दोन तोफा, नऊ ते बारा पौंडी गोळा फेंकणाऱ्या. बाजूंस सहा ते नऊ पौंडी तोफांची ओळ असे.

गुराबेचें सोबती गलबत. त्याची घडण गुराबेसारखीच, परंतु आकार लहान. मोठ्यांत मोठें गलबत ७० टनांच्या पुढें क्वचित् जाई. मुख्य काठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड, वजन हलकें राहावें म्हणून पुष्कळदां बांबूच्या कांबट्यांची तक्तपोशी, कडेस खुंटीवर फिरणाऱ्या लहान तोफा, आणि चाळीस-पन्नास भक्कम वल्हीं. या वल्ह्यांच्या जोरावर तें तासाला चार मैल जाऊं शकत असे. आज हा आंकडा क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या दुपारीं वारा पडलेला आहे आणि शत्रूचें चाळीस तोफांचें जहाज एका जागीं खिळलें आहे, त्या दुपारीं ताशीं चार मैल म्हणजे सर्वस्व होतें.

या दोघांची लढण्याची रीत त्यांच्या बांधणींतूनच निघालेली होती. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतें असा ताफा एखाद्या खाडींत दबा धरून बसे. व्यापारी जहाज दृष्टीस पडलें कीं सर्व बाहेर निघत. वारा असला तर शिडांवर, नसला तर गलबतें गुराबांस दोर लावून वल्ह्यांनीं ओढीत. मोठ्या जहाजाच्या तोफा त्याच्या दोन्ही कुशींस असतात. म्हणून ताफा त्याच्या पिछाडीस जाऊन पोंचे. गुराब आपलें तोंड शत्रूकडे करून नाळेवरील तोफा डागी. अशा स्थितींत तिची केवळ अरुंद चोंच काय ती शत्रूच्या माऱ्यांत असे. प्रथम नेम डोलकाठ्यांवर व दोरखंडांवर. जहाज पंगू झालें म्हणजे गलबतें चोहोंकडून भिडत आणि प्रत्येकांतून दोनतीनशें माणसें तलवारी घेऊन वर चढत. प्रसंग उलटलाच, तर उथळ तळाची गुराब अशा खाडींत शिरे कीं जेथें पाठलाग करणारें खोल जहाज वाळूंत रुतलें असतें. खाडीच्या मुखावर आपला किल्ला असेच. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, कुलाबा हे जंजिरे आणि गुराब हीं एकाच यंत्राचीं दोन अंगें होतीं.

हें यंत्र पूर्णत्वास नेलें तें कान्होजी आंग्र्यानें. शाहूमहाराज साताऱ्यास आले तेव्हां तो ताराबाईच्या पक्षास होता. १७१३ मध्यें त्यानें साताऱ्याकडून चालून आलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस कैद केलें, आणि तो आतां घाट चढून राजधानीवर येतो कीं काय, अशी धास्ती उत्पन्न झाली. तेव्हां बाळाजी विश्वनाथास पेशवेपद देऊन त्याच्याकडे पाठविण्यांत आलें. बाळाजी मूळचा श्रीवर्धनचा, किनाऱ्यावरचा माणूस. त्यास आंग्र्याची भाषा समजत होती. लढाई न होतां १७१४ च्या आरंभीं तह झाला. कान्होजीनें शाहूंस धनी मानलें; त्यास सरखेल हें पद व किल्ले मिळाले आणि त्या किल्ल्यांखालील मुलूख आरमाराच्या खर्चास लावून देण्यांत आला.

या तहाची जितकी स्तुति करावी तितकी थोडी, असें म्हणण्याची आमच्यांत रूढि आहे. आणि तत्काळ फळ पाहिलें तर ती खोटी नाहीं. इंग्रजांनीं १७१८ मध्यें खांदेरीवर चाल केली ती फसली. १७२० मध्यें मुंबईच्या गव्हर्नरानें विजयदुर्गासाठीं मुद्दाम ‘फ्राम’ नांवाची एक तरंगती तोफशाळा बांधविली. सपाट तळाची, जाड भिंतींची, गोळ्यांस दाद न देणारी. कागदावर ती अजिंक्यच होती. विजयदुर्गापुढें तिचा कांहीं उपयोग झाला नाहीं. पुढील वर्षाच्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, तेव्हां साताऱ्याहून शाहूमहाराजांची फौज कोकणांत उतरली आणि बाजीराव स्वतः आला. पोर्तुगीजांनीं निमूटपणें निराळा तह केला व इंग्रज हात हलवीत परतले. १७२४ मध्यें डच विजयदुर्गावर येऊन गेले. त्यांचीही तीच गत झाली. डोंगरावरचें घोडदळ आणि खाडींतली गुराब हीं एका मनानें वागलीं म्हणजे काय होतें, तें कुलाब्याच्या त्या हिंवाळ्यांत दिसून आलें.

परंतु त्याच तहांत एक वैगुण्य राहून गेलें. अमात्यांनीं सांगितल्याप्रमाणें खर्चास मुलूख तर तोडून दिला. मात्र तो राज्याच्या आरमारास न मिळतां आंग्र्यांच्या घराण्यास मिळाला. सुभा नाहीं, सरसुभा नाहीं, दप्तर साताऱ्यास नाहीं. पांच गुराबांमागें पंधरा गलबतें आहेत कीं पांच, खलाशांचा पगार पोंचला कीं थकला, नव्या गुराबेची नाळ कोणत्या गोदींत घातली जात आहे, यांपैकीं कोणतीही गोष्ट राजधानीस विचारण्याचें कारण उरलें नाहीं. मुलूख अपुरा पडला कीं उणीव समुद्रावरून भरून काढावयाची. परवाना नसलेलें जहाज पाडाव करणें हा पोर्तुगीजांचाच धडा होता. तो आंग्र्यांनीं गिरविला म्हणून इंग्रजांनीं त्यांस चांचे ठरविलें. आमच्या मतें तो शब्द अन्यायाचा आहे, कारण सरखेल हा एका राज्याचा नेमलेला अधिकारी होता. पण ज्या आरमारास पाडावाच्या मालावर पोट भरावें लागतें, त्यास मित्र आणि शत्रु यांतील भेद फार काळ जपतां येत नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे.

कान्होजी १७२९ मध्यें वारला. त्याचा मुलगा सेखोजी चार वर्षांनीं गेला आणि घरांत भाऊबंदकी माजली. संभाजी आंग्रे एकीकडे, मानाजी दुसरीकडे. साताऱ्यापासून जवळच धावडशीस राहणारे ब्रह्मेंद्रस्वामी हे या सर्वांचे गुरु आणि पुष्कळांचे सावकारही. त्यांचा पत्रव्यवहार साताऱ्याच्याच दत्तात्रय बळवंत पारसनिसांनीं प्रसिद्धीस आणला. तो वाचतांना एक गोष्ट मनास लागते: समुद्राचे प्रश्न डोंगरावर पोंचत ते भावांच्या तक्रारींच्या रूपानें. १७३५ मध्यें वांटणी झाली. संभाजीस सरखेल, मानाजीस वजारतमाब हा किताब. एकाकडे विजयदुर्ग, दुसऱ्याकडे कुलाबा. मानाजीस पाठिंबा दिल्याबद्दल पेशव्यांस कोथळा व राजमाची हे किल्ले मिळाले. घाटमाथ्याच्या दृष्टीनें हा सौदा फायद्याचा होता. एका आरमाराचीं दोन झालीं, याची नोंद मात्र कोणत्याही जमाखर्चांत पडली नाहीं.

संभाजीमागून विजयदुर्गास तुळाजी आला. तो शूर होता. १७४५ मध्यें त्यानें सिद्दीकडून अंजनवेल व गोवळकोट घेतले. तो उद्दामही होता, आणि पेशव्यांच्या किनाऱ्यावरील लोकांस त्याचा जाच होता हें नाकारतां येत नाहीं. १७४९ च्या डिसेंबरांत शाहूमहाराज वारले. तोंवर निदान एक वडील माणूस होता कीं ज्याचा शब्द दोन्हीकडे चाले. पुढें ताराबाईनें छत्रपति रामराजास साताऱ्याच्या किल्ल्यांत अडकवून ठेवलें आणि सत्ता पुण्यास गेली. तुळाजी पुण्याचा हुकूम मानीना. तेव्हां नानासाहेब पेशव्यानें रामाजी महादेवामार्फत १७५५ मध्यें मुंबईकर इंग्रजांशीं करार केला. एप्रिलांत कमोडोर जेम्सनें सुवर्णदुर्ग घेतला. पुढील वर्षीं फेब्रुवारींत ॲडमिरल वॉटसन आपलें राजेशाही आरमार घेऊन विजयदुर्गापुढें आला; बरोबर जमिनीवरील फौजेसह क्लाइव्ह होता. पेशव्यांची फौजही जवळच होती आणि तुळाजी बोलणें लावण्यास तिच्या छावणींत गेला होता. वॉटसनच्या जहाजांनीं तोफांचा भडिमार सुरू केला. आंग्र्यांनीं पूर्वी इंग्रजांकडून पाडाव केलेल्या ‘रेस्टोरेशन’ नांवाच्या जहाजावर एक पेटता गोळा पडला. तें जळूं लागलें, आणि एकमेकांस लागून उभ्या असलेल्या गुराबा एकीमागून एक पेटत गेल्या. कांहीं तासांत शिवकालापासून चालत आलेल्या विद्येचा तो संचय राख झाला.

किल्ल्यांतील सुमारें दहा लाखांची लूट इंग्रजांनीं आपसांत वांटून घेतली. पेशव्यांस तींतून कांहीं मिळालें नाहीं, आणि किल्ला हातीं येण्यासही ऑक्टोबरांतील नव्या तहापर्यंत वाट पाहावी लागली. मोबदल्यांत बाणकोट गेलें. तुळाजी पेशव्यांच्या कैदेंत पडला आणि उरलेलें आयुष्य समुद्र जेथून दिसत नाहीं अशा किल्ल्यांवर घालवून तेथेंच मेला. विजयदुर्ग पाडल्यावर अवघ्या सोळा महिन्यांनीं त्याच क्लाइव्हनें प्लासीची लढाई जिंकली.

येथें एक आक्षेप निघण्यासारखा आहे, आणि तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. गुराब हा जहाजवर्गच मागासलेला होता, वॉटसनच्या सत्तर तोफांच्या ‘केंट’पुढें बारा पौंडी तोफांच्या गुराबेचा टिकाव कसा लागावा, तेव्हां पेशव्यांनीं काय केलें अथवा साताऱ्यानें काय केलें नाहीं, यानें काय फरक पडला असता, असें कोणी म्हणेल. यांत तथ्यांश आहे. उथळ रुंद तळाची गुराब समोरच्या लाटेवर फार आपटे. भर समुद्रांत, पावसाळी हवेंत ती मोठ्या जहाजाशीं झुंजूं शकत नव्हती. किनाऱ्याच्या रक्षणास ती उत्तम होती, समुद्राच्या स्वामित्वास पुरी पडणारी नव्हती. पण दोन गोष्टी विसरतां कामा नयेत. पहिली ही कीं, विजयदुर्गास गुराबा लढतांना हरल्या नाहींत. त्या कोंडलेल्या बंदरांत, सरदार छावणींत आणि मित्र शत्रूच्या बाजूस असतांना जळाल्या. दुसरी ही कीं, पुढें पेशव्यांनीं विजयदुर्गास स्वतःचा आरमारी सुभा उभा केला, आणि त्याचा सुभेदार आनंदराव धुळप यानें याच पद्धतीच्या ताफ्यानें ८ एप्रिल १७८३ रोजीं कंपनीचें ‘रेंजर’ जहाज वरील बड्या लष्करी अधिकाऱ्यांसह हातघाईनें पाडाव केलें. सालबाईचा तह आधींच झालेला असल्यानें तें प्रकरण निस्तरावें लागलें, ही गोष्ट निराळी. विद्या मेली नव्हती. तिची वाढ खुंटली होती.

ती वाढूं शकली असती काय? याचें उत्तर मुंबईच्या गोदीनें दिलेलें आहे. सुरतेहून १७३६ मध्यें आलेल्या लवजी नसरवानजी वाडियाच्या घराण्यानें कंपनीसाठीं तेथें जहाजें बांधलीं. १७५० मध्यें तेथें कोरडी गोदी झाली. लांकूड आपलेंच, मलबार-कोकणचें सागवान. हात आपल्याच सुतारांचे. त्याच हातांनीं १८१० मध्यें इंग्लंडच्या राजाच्या आरमारासाठीं ‘मिंडन’ हें मोठें लढाऊ जहाज बांधलें. १८१७ च्या ऑक्टोबरांत पाण्यांत उतरलेलें ‘ट्रिंकोमाली’ दोनशें वर्षें उलटलीं तरी इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. तें पाण्यांत उतरलें आणि पुढल्याच वर्षीं पेशवाई बुडाली. तेव्हां आमच्याकडे लांकूड नव्हतें, कारागीर नव्हते, अक्कल नव्हती, असें कोणी म्हणूं नये. वर्षानुवर्षें पगार देणारा, हिशेब विचारणारा आणि गोदी चालू ठेवणारा खजिना मुंबईस होता. साताऱ्यास आणि पुण्यास तो समुद्राकडे वळलाच नाहीं.

असें कां झालें, याचा विचार करूं लागलों म्हणजे आम्हांस आमच्या सांगलीचें उदाहरण आठवतें. येथील पटवर्धन संस्थानिकांचें मूळ घराणें रत्नागिरीकडील कोतवड्याचें, म्हणजे समुद्राच्या अगदीं जवळचें. घाट चढून आल्यावर तें घराणें घोडदळाच्या पराक्रमानें वाढलें. मिरज, सांगली हीं त्याचीं ठाणीं झालीं, आणि १८०१ मध्यें चिंतामणराव आप्पासाहेबांनीं सांगलीची गादी स्वतंत्र केली. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तरांतून जो ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ १८९७ पासून प्रसिद्ध केला, त्याचे खंड चाळावे. हैदरावरील स्वाऱ्या, निजामाशीं झगडे, फौजेचा पगार, कर्जाची तगमग, घोड्यांचे भाव, घरचीं लग्नेंमुंजी, सर्व कांहीं त्यांत जिवंत आहे. समुद्र मात्र क्वचित् डोकावतो. पटवर्धनांचा यांत दोष नाहीं. त्यांच्याकडे सोंपविलेली सरहद्द दक्षिणेची होती. पण बाळाजी विश्वनाथासकट जी कर्तीं माणसें कोकणांतून वर आलीं त्यांपैकीं बहुतेकांनीं घाट चढतांना समुद्राकडे पाठ केली ती कायमचीच. वर सन्मान घोड्याला होता. कर्त्या मुलास पथकाची सरदारी मिळे; तांडेल आणि सारंग खालीं आपापल्या वाड्यांत राहिले, आणि त्यांचीं नांवेंसुद्धां आमच्या बखरींनीं टिपून ठेवलीं नाहींत. जें राज्य अटकेपर्यंत गेलें त्यास आपल्या पश्चिमेस पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या घाटांखालीं काय चाललें आहे, तें पाहण्यास सवड झाली नाहीं.

असो. सुट्टी संपून तो मुलगा परत जावयास निघाला तेव्हां आम्हीं ही सर्व हकीकत त्यास थोडक्यांत सांगितली. गुराबेची चोंचदार नाळ त्याला फार आवडली, आणि ती त्यानें लगेच आपल्या एका आकाशजहाजास जोडली. मग कांहीं वेळ पेन्सिल चावीत बसून त्यानें वहीच्या शेवटच्या पानावर एक नवें कोष्टक आंखलें. त्यांत तोफा नव्हत्या. पहिल्या रकान्यांत त्यानें लिहिलें ‘गोदी’, दुसऱ्यांत ‘खलाशी’, तिसऱ्यांत ‘पगार कोण देतो’. रकाने रिकामेच होते. आम्हीं ते भरण्याची घाई केली नाहीं. कारण जो प्रश्न विचारावयाचा एका मोठ्या राज्यास राहून गेला, तो त्या मुलानें निदान कागदावर उतरवून ठेवला होता.